वाऱ्याच्या हाती सोपविलेले शिल्प

शिल्प म्हटले की आपल्या मनश्चक्षूंसमोर जे उभे राहते ते बहुधा पाषाणाचे किंवा ब्राँझचे, जागच्या जागी खिळलेले आणि ऊन-वारा-पावसाला पुरून उरण्याच्या ईर्ष्येने घडविलेले असते. वेरूळचे कैलास लेणे असो की एखाद्या शहराच्या चौकातला अश्वारूढ पुतळा असो, शिल्पकाराची प्रतिज्ञा एकच असते की निसर्गाच्या शक्ती येतील, आघात करतील, निघून जातील आणि मी दिलेला आकार मात्र तसाच राहील. या प्रतिज्ञेकडे पाठ फिरवून, ज्यांना आजवर शिल्पाचे वैरी समजण्यात आले त्या वाऱ्याला, उन्हाला आणि गुरुत्वाकर्षणाला आपल्या कामात बरोबरीचे भागीदार करून घेणाऱ्या जॅनेट एचेलमन या अमेरिकन शिल्पकर्तीचा उद्योग मराठी वाचकाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. आणि त्याचे एक कारण असे की या उद्योगाची पहिली गाठ आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, कोळ्यांच्या हातून पडली.

एचेलमनबाईंचा जन्म १९६६ साली फ्लोरिडा संस्थानातील टँपा शहरी झाला. हार्वर्ड विद्यापीठाचे शिक्षण संपवून चित्रकार व्हावे असे त्यांनी मनाशी ठरविले. परंतु कलाशिक्षण देणाऱ्या सात संस्थांकडे त्यांनी अर्ज केले आणि सातही ठिकाणांहून नकार आला. तेव्हा त्या बाली बेटावर जाऊन राहिल्या आणि स्वतःच्या हिमतीवर चित्रे काढू लागल्या. १९९७ साली फुलब्राइट योजनेखाली त्यांचे हिंदुस्थानात येणे झाले, ते चित्रांची प्रदर्शने भरविण्याच्या कबुलीवर. रंग जहाजाने मागाहून यावयाचे होते. बाई महाबलिपुरमला येऊन पोहोचल्या, प्रदर्शनाची मुदत जवळ येत चालली, आणि रंगांच्या पेट्यांचा काही पत्ता लागेना. मूर्तिकामासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी त्यांनी प्रथम ब्राँझच्या ओतकामाचा प्रयत्न करून पाहिला. परंतु मोठा आकार करावयाचा तर धातूचे वजन आणि त्याचा खर्च दोन्ही आवाक्याबाहेर जात. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका मारताना कोळी लोक आपली जाळी गोळा करून वाळूवर त्यांचे ढीग रचीत असलेले त्यांना दिसत; आणि एके दिवशी त्या ढिगांकडे पाहताना, वजनाचा भार न वाहता प्रचंड आकार निर्माण करण्याचे साधन आपल्यासमोर पडलेले आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. त्याच कोळ्यांच्या सहकार्याने त्यांनी जाळ्यांची पहिली शिल्पे विणून घेतली आणि छायाचित्रे काढण्यासाठी ती खांबांवर चढविली. चढविताच एक अकल्पित प्रकार घडला. वाळूवर निपचित पडलेले ते विणकाम वाऱ्याची अगदी बारीक झुळूकही आपल्या अंगावर लिहून दाखवू लागले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते टाळणे मला अशक्य आहे. ज्या गावी हे घडले त्याच गावी तेराशे वर्षांपूर्वी पल्लवांच्या कारागिरांनी जवळजवळ शंभर फूट लांबीच्या एका उघड्या कातळावर देव, गंधर्व, ऋषी, हत्ती आणि नाग यांचा तो विख्यात शिल्पपट कोरला, ज्यास कोणी अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात तर कोणी गंगावतरण. या कातळाच्या मध्यभागी निसर्गतःच एक उभी भेग आहे. दुसऱ्या कोणी ती बुजविली असती किंवा निर्दोष कातळ शोधला असता. परंतु पल्लव शिल्पकारांनी तिच्यातच नाग-नागिणींच्या आकृती कोरून त्या भेगेला नदी केले, आणि माथ्यावरच्या कुंडातून प्रसंगविशेषी खरोखरीचे पाणी त्या भेगेतून सोडले जात असावे असे अभ्यासकांचे अनुमान आहे. निसर्गातील शक्तीला शिल्पाच्या रचनेत अशी रीतसर जागा देण्याची परंपरा त्या भूमीला नवी नव्हती. एचेलमनबाईंवर या शिल्पपटाचा परिणाम झाला असे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही, आणि तसे सुचविण्याचा माझा हेतूही नाही. तथापि एकाच गावाच्या वाळूत आणि कातळात हे दोन प्रयत्न शेजारी शेजारी झाले, एवढी गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता त्या जाळ्याकडेच जरा जवळून पाहू. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना किंवा वेसावे-वरळीच्या कोळीवाड्यांत फाटलेले जाळे सांधताना ज्यांनी कोळ्यांचे हात पाहिले असतील त्यांना हे काम परिचयाचे असेल. एका चपट्या सुईवर दोरा गुंडाळलेला असतो. आसाचे, म्हणजे जाळ्याच्या एकेका डोळ्याचे, माप सारखे राहावे म्हणून बोटांशी एक पट्टी धरलेली असते. आणि वरच्या ओळीतील फासात सुई खालून घालून, दोरा मागच्या बाजूने फिरवून, पुन्हा आपल्याच वेढ्याखालून काढून आवळला की गाठ बसते. या गाठीचा गुण असा की तीवर जितका ताण पडावा तितका दोरा स्वतःलाच अधिक दाबून धरतो, म्हणून ती ओढीने सुटत नाही. एक धागा तुटला तरी शेजारच्या गाठी आपापली जागा सोडीत नाहीत आणि भोक पसरत जात नाही. शिवाय प्रत्येक आस चौकटीसारखा ताठ नसून चहूबाजूंनी झुकू शकणारा असतो. त्यामुळे सबंध जाळे कोणत्याही दिशेने ताणले तरी नवा आकार धारण करते आणि ताण सुटला की पूर्ववत होते. मासा धरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली ही विद्या वारा धरण्याच्या कामी आली, ती या गुणांमुळे.

वारा धरावयाचा म्हणजे काय, हेही समजून घ्यावयास हवे. सपाट आणि भरीव पृष्ठभागावर वाऱ्याचा जो दाब पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा ८० चा झाला तर दाब दुप्पट न होता चौपट होतो, आणि १२० चा झाला तर नऊपट. मोठ्या फलकांचे सांगाडे वादळात कोसळतात ते या हिशेबामुळे. जाळ्यातून मात्र बहुतेक हवा आरपार निघून जाते. दोऱ्यांच्या जाडीइतक्याच जागेवर तिचा धक्का बसतो आणि तो धक्काही जाळे हलून, फुगून, कलून पचविते. ताठ उभे राहण्याचा हट्ट सोडल्यामुळेच त्याला टिकून राहणे शक्य होते. परंतु या लवचिकतेचे गणित मांडणे भरीव इमारतीच्या गणिताहून किती तरी अवघड असते; कारण इमारतीचा आकार आधी ठाऊक असतो आणि मग त्यावरचा भार काढावयाचा असतो, जाळ्याच्या बाबतीत भार बदलला की आकार बदलतो आणि आकार बदलला की भारही बदलतो.

ही अडचण पोर्तुगालमध्ये पहिल्यांदा तिच्या खऱ्या स्वरूपात उभी राहिली. पोर्तो शहर आणि मातोझिन्योस हे मच्छीमारीचे गाव यांच्या सीमेवर, अटलांटिक महासागरासमोर, रहदारीचा एक मोठा गोल चौक आहे. त्या चौकासाठी शिल्प करण्याचे काम एचेलमनबाईंकडे आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की प्रदर्शनात चार दिवस टांगावयाचे जाळे वेगळे आणि भर समुद्रकिनारी, खाऱ्या वाऱ्यात, बारा महिने उन्हात राहावयाचे जाळे वेगळे. अतिनील किरण, मीठ आणि धूर यांना दाद न देणारा, तरीही झुळकीसरशी हलण्याइतका मऊ राहणारा धागा शोधण्यातच दोन वर्षे गेली. अखेर न चिकटणाऱ्या तव्यांवर ज्याचा लेप असतो त्या टेफ्लॉनच्या जातीचा धागा पसंत करण्यात आला. जाळ्याचा विस्तार ५० हजार चौरस फूट. तो हाताने विणणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते, तेव्हा मासेमारीची जाळी विणणाऱ्या यंत्रांवर ते काम नेण्यात आले. वाऱ्यात हलणाऱ्या सच्छिद्र वस्तूचे गणित करणारी आज्ञावली त्या काळी तयार मिळत नव्हती. अमेरिका चषकाच्या शर्यतींतील नौकांची शिडे आखणारे वैमानिकी अभियंता पीटर हेपेल यांनी हे गणित जमवून दिले. सुमारे २० टन वजनाचे पोलादी कडे तीन तिरप्या खांबांवर चढविण्यात आले आणि त्या कड्याला जाळे टांगण्यात आले. खांबांना लाल-पांढरे पट्टे दिले आहेत, ते त्या भागातील दीपगृहांच्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांच्या रंगांना अनुसरून. २००५ साली पुऱ्या झालेल्या या शिल्पाचे नाव ‘शी चेंजेस’. परंतु त्या गावचे लोक त्याला समुद्रफुलाच्या नावाने, ‘अनेमोना’ म्हणूनच ओळखतात, आणि लोकांनी आपखुशीने नाव ठेवावे याहून सार्वजनिक कलाकृतीला मोठी सनद मिळत नाही असे मला वाटते.

मंद वाऱ्यात या जाळ्याचा पोटाकडचा भाग श्वासोच्छ्वासाप्रमाणे आत-बाहेर होतो. सोसाट्याचा वारा सुटला की सबंध आकार एका अंगाला झुकून कड्यापलीकडे वाहू लागतो. आणि वारा अगदी पडला की गुरुत्वाकर्षण एकटेच त्याला घडविते. कारागिराने दिलेला मूळ आकार कोणता, असा प्रश्न येथे विचारताच येत नाही. रोज कामावर जाताना त्या चौकाला वळसा घालणाऱ्या मनुष्याला एका दिवशी दिसलेले शिल्प दुसऱ्या दिवशी दिसत नाही, आणि वाऱ्यासारखी अदृश्य वस्तू त्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयास मिळते. समुद्राच्या वाऱ्याचा हा अभ्यास पुढे वाळवंटाच्या वाऱ्याकडे वळला. २००९ साली ॲरिझोनातील फीनिक्स शहरी उभारलेले १४५ फूट उंचीचे शिल्प तेथील निवडुंगाच्या फुलावरून आणि पावसाळी मेघांवरून सुचलेले आहे. त्याच्या खर्चावरून गावात बराच वाद माजला होता. परंतु शिल्प उभे राहिले, आणि त्याची सावली उद्यानाच्या जमिनीवर दिवसभर सरकत राहते.

यानंतर जो टप्पा आला तो माझ्या दृष्टीने या शिल्पकर्तीच्या कर्तृत्वाचा कळस होय. अमेरिका खंडातील ३५ राष्ट्रांच्या परस्परसंबंधांचे द्योतक असे काही करावे, अशी मागणी २०१० साली कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरी भरणाऱ्या एका उत्सवाकडून त्यांच्याकडे आली. असल्या मागणीला उत्तर म्हणून एरवी हातात हात घातलेल्या आकृती किंवा पृथ्वीचा गोल उभा राहावयाचा. परंतु त्याच वर्षी २७ फेब्रुवारीस चिली देशात ८.८ क्षमतेचा प्रचंड भूकंप झाला होता आणि त्याच्या लाटा सबंध प्रशांत महासागर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यांवर पोहोचल्या होत्या. अमेरिकेच्या नासा संस्थेतील शास्त्रज्ञांनी हिशेब करून सांगितले की या भूकंपामुळे पृथ्वीचा दिवस १.२६ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून किंचित अधिक अशा काळाने, कमी झाला असावा. हे कसे घडते? फुगडी खेळणाऱ्या मुली हात आखडून एकमेकींच्या जवळ आल्या की फेरा आपोआप जलद होतो. भूकंपात भूस्तर सरकून पृथ्वीच्या वस्तुमानाचा काही अंश तिच्या अक्षाच्या जवळ आला म्हणजे तिचाही फेरा त्याच न्यायाने रतिभर वाढतो. हा फरक प्रत्यक्ष मापनाने टिपता येण्याजोगा नाही. तो गणितानेच कळतो. परंतु एका देशाखालची जमीन हलली आणि जगातील यच्चयावत माणसांचा दिवस तोकडा झाला, याहून परस्परसंबंधाची अधिक निर्विवाद साक्ष कोणती काढावयाची?

एचेलमनबाईंनी अमेरिकेच्या समुद्र व वातावरण विभागाकडून त्या लाटांच्या उंचीची आकडेवारी मागवून घेतली आणि महासागरभर पसरलेल्या त्या चढउतारांचा त्रिमित आकार हाच शिल्पाचा आराखडा केला. शिल्पाचे नावही आकडाच ठेवले, ‘१.२६’. मात्र हे शिल्प अल्पकाळासाठीच उभे राहावयाचे असल्याने पोर्तोसारखे पोलादी कडे उभारणे शक्य नव्हते. तेव्हा कड्याचे कामही धाग्याकडेच सोपविण्यात आले. आपल्या रोजच्या प्लास्टिकच्या पिशव्या ज्या पॉलिइथिलीनच्या असतात त्याच द्रव्याचे, परंतु अतिशय लांब रेणूंचे आणि ते सर्व रेणू एकाच दिशेला ओढून बसविलेले असे तंतू काढले, तर ते तेवढ्याच वजनाच्या पोलादाच्या १५ पट बळकट होतात आणि तरीही पाण्यावर तरंगण्याइतके हलके राहतात. अशा दोरांचे भक्कम जाळे वर आणि रंगीत धाग्यांचे मऊ जाळे त्याखाली, अशी दुपेडी रचना करून ती थेट आजूबाजूच्या इमारतींना बांधता आली. शिल्पाला स्वतःचा पाया उरला नाही. शहरच त्याचा पाया झाले.

यात एक गोम आहे, जी वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दोन टोकांना बांधलेला दोर जितका सपाट ताणावा तितकी त्याची ओढ वाढते. दोर आपल्या लांबीच्या दशांशाने खाली झोळ देत असेल तर टोकांवरची आडवी ओढ त्याच्या वजनाच्या सव्वापट असते. झोळ शतांशावर आणला तर ती साडेबारापट होते. त्यातच वाऱ्याचा भार मिळविला म्हणजे ही ओढ कोठल्या कोठे जाते. म्हणून २०१५ साली बॉस्टन शहरात टांगलेले सुमारे एक टन वजनाचे जाळे इमारतींवर १०० टनांहून अधिक ओढ लावू शके. एखाद्या इमारतीच्या मालकाने आपल्या छपराला शोभेची वस्तू बांधू देणे निराळे आणि असली ओढ सोसण्याची लेखी मंजुरी देणे निराळे. प्रत्येक इमारतीच्या सांगाड्याची तपासणी, स्थानिक वाऱ्याच्या नोंदी, विम्याचे करारनामे, रस्ता बंद ठेवण्याचे परवाने, हे सगळे दप्तर पुरे झाल्यावाचून एक दोरही वर चढत नाही.

बॉस्टनचे ते शिल्प त्या वर्षीच्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांत तेथील रोझ केनेडी उद्यानपट्ट्यावर अधांतरी होते. त्याची रुंदी ६०० फूट. त्यात १०० मैलांहून अधिक दोरा आणि पाच लक्षांहून अधिक गाठी होत्या, काही यंत्राने मारलेल्या तर काही हाताने. हा उद्यानपट्टा जेथे आहे तेथे पूर्वी डोक्यावरून जाणारा सहापदरी रस्ता होता. तो पुढे जमिनीखाली नेण्यात आला. जाळ्यातील रंगांचे पट्टे त्या सहा पदरांचे स्मरण देत आणि त्यात मुद्दाम राखलेल्या तीन पोकळ्या त्या तीन टेकड्यांचे, ज्या खणून काढून बॉस्टनच्या लोकांनी समुद्र बुजविण्यासाठी माती मिळविली. निसर्गाच्या शक्तींइतकीच मनुष्याने निसर्गावर केलेली जबरदस्ती या शिल्पात नोंदविली गेली आहे. माती जेथून गेली तेथली पोकळी आकाशात दाखविणे ही कल्पना मला विलक्षण वाटते, आणि हे शिल्प तेथे कायमचे राहिले नाही याची हळहळही वाटते.

२०११ च्या मार्च महिन्यातील जपानच्या भूकंपाने दिवस आणखी १.८ मायक्रोसेकंदांनी घटल्याचा हिशेब प्रसिद्ध झाल्यावर त्याही आकड्याचे शिल्प झाले आणि २०१६ च्या जानेवारीत ते लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसवर टांगले गेले. पुढे माद्रिदच्या प्लाझा मायोर या चौकाला ४०० वर्षे झाली, त्या निमित्तानेही या मालिकेतील एक शिल्प तेथे आले. यांवर एक आक्षेप घेता येईल आणि तो मला पूर्णपणे नाकारता येत नाही. ज्या भूकंपांत हजारो माणसे गेली त्यांच्या लाटांचा आकार गुलाबी-जांभळ्या प्रकाशात न्हाऊन एखाद्या उत्सवात झळकावा, यात मनाला खटकणारे काहीतरी आहे. रात्रीच्या रंगीत दिव्यांनी या शिल्पांची छायाचित्रे देखणी निघतात खरी. परंतु वारा, ऊन आणि सावली यांचे जे साक्षात नाट्य दिवसा चाललेले असते त्याला दिवे झाकून टाकतात, आणि मूळ दुःखाची आठवणही झाकतात. २०१४ साली व्हँकूव्हर येथे ७४५ फूट लांबीच्या जाळ्यावरचा प्रकाश खाली उभ्या असलेल्या लोकांना आपल्या फोनवरून हलविता येईल अशी योजना होती. तिचा आनंद लोकांनी मनमुराद लुटला. मला मात्र असे वाटते की ज्या शिल्पाला हलविणारा वारा आहे त्याला दुसऱ्या हाताची गरज नाही.

तथापि हे शिल्प ज्यांच्यासाठी आहे त्यांचा विचार केला म्हणजे आक्षेपाची धार बोथट होते. कलादालनाची पायरी चढण्याचा ज्यांना संकोच वाटतो त्यांच्याही डोक्यावर ते असते. बॉस्टनच्या गवतावर लोक उताणे पडून ते पाहत. डबा खाण्याच्या सुट्टीत कचेऱ्यांतून बाहेर पडलेले कारकून आणि हातगाडीवाले त्याच छताखाली येत. तिकीट नाही, पहारा नाही, हात लावू नका अशी पाटी नाही. ‘१.२६’ हे शिल्प तर डेन्व्हरहून निघून सिडनीच्या नगरभवनाला, ॲम्स्टरडॅमच्या आम्स्टेल नदीवर आणि सिंगापूरच्या खाडीकाठी बांधले गेले. प्रत्येक ठिकाणी इमारती वेगळ्या, त्यांच्यातील अंतरे वेगळी आणि वारेही वेगळे. म्हणून जाळे तेच असूनही दोर कोठे बांधावयाचे, किती ताणावयाचे आणि झोळ किती ठेवावयाचा, हा हिशेब प्रत्येक शहरात पहिल्यापासून मांडावा लागला आणि दर वेळी आकार निराळा निघाला.